आधी रेकॉर्ड कर

प्रिय मित्रा,

तुझी इलेक्ट्रिक गिटार अजून ‘मोकळी’ झालेली नाही, वाजवून वाजवून आवाज खुलेल, या आशेवर तू तिचा बोचरा आवाज महिनोन्‌महिने सोसतो आहेस. उलट दुसरा कुणी सांगतो, इलेक्ट्रिक गिटार वाजवून कधी बदलतच नाही. मला एवढंच सांग, घेतली त्या दिवसाचं रेकॉर्डिंग आहे का? नसेल तर आजचा आवाज कशाशी ताडून बघतोस?

बदल होतात, आणि ते ऐकू येतात. घाम नि मळ बसून नव्या तारांची चकाकी काही आठवड्यांतच दबते. हवेतला दमटपणा बदलला की नेकचा, म्हणजे गिटारीच्या दांडीचा, बाक बदलतो, अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची उंची, वरखाली होते, तार फ्रेटवर, दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घासायला लागते. पुढे फ्रेटही झिजतात. पण लाकूड वाजून वाजून पिकतं, हे अकूस्टिकबद्दलही वादाचंच आहे. तिथे निदान वरची पातळ फळी स्वतः हवा हलवते. तुझ्या गिटारीत पिकअप, म्हणजे तारांखालचं चुंबक नि तारेचं वेटोळं, टिपतो ते पोलादी तारेचं थरथरणं. १९३० च्या दशकातली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ही इलेक्ट्रिक गिटार तर ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. तिथे पिकायला लाकूडच कुठे होतं? आणि वाजवल्याने पिकअपचं चुंबक काही थकत नाही.

सगळ्यात जास्त बदलतो तो तुझा हात. पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, कुठे नि किती तिरकं लागतं, बोट तारेला किती दाबतं, हे नकळत त्या गिटारीच्या वळणाने जातं. मला हाच बदल मोलाचा वाटतो. पण तोही रेकॉर्ड केल्याशिवाय कळणार नाही. कानाची आठवण फार लवकर पुसली जाते, आणि जरा मोठा आवाज कानाला बहुतेकदा ‘चांगला’च वाटतो.

रेकॉर्डिंग नसेल तर आवाजावरच्या वादात मी पडत नाही, म्हणून लोक मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. माझी पहिली गिटार वर्षागणिक गोड होत गेली असं मला आजही वाटतं, आणि तिचा नवेपणीचा एक सूरही माझ्याजवळ नाही. ही हळहळ तुझ्या वाट्याला येऊ नये, म्हणून इतका मागे लागतोय.

तेव्हा आजच नव्या तारा चढव, सेटअप कर, म्हणजे नेकचा बाक नि तारांची उंची नीट लाव, पिकअपची उंची मोजून लिहून ठेव. नॉब पूर्ण उघडे ठेवून, अ‍ॅम्प मध्ये न आणता, गिटार थेट कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसला लाव आणि रेकॉर्ड कर. केबलही लिहून ठेव. लांब केबल आवाजातली चकाकी खाते. मग बोचरेपणा खुपतोय ना? पिकअप थोडा खाली घे, टोनचा नॉब जरा कमी कर. त्यासाठी वर्षभर थांबायचं कशाला?

सहा महिन्यांनी त्याच जाडीच्या कोऱ्या तारा, तोच सेटअप, पिकअप लिहून ठेवलेल्या उंचीवर, नॉब पुन्हा पूर्ण उघडे, तेच पिक, तीच केबल, तोच तुकडा. पुन्हा रेकॉर्ड कर. दोन्ही फाइलींच्या आवाजाची पातळी सारखी करून मला पाठव, आणि आधीची कुठली ते सांगू नकोस.

तुझा,
एक जुना वादक