गाडीचं विचारा : ओरखडलेला बंपर आणि काळं दाणेदार कोटिंग

या वेळी आलेली पत्रं जवळजवळ सगळी बंपरवरचीच आहेत. पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देतोय, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

दादा, आमची पांढरी हॅचबॅक सात वर्षांची आहे. गेटजवळच्या जांभ्याच्या गडग्याला घासून घासून मागच्या बंपरचा डावा कोपरा पार खरवडलाय, आणि दारांखालची काळी पट्टी खडी उडून पांढुरकी झालीय. दोनदा रंग मारून घेतला, वर्षभरात परत तेच. आता भाऊ म्हणतो पिकअपच्या हौद्यात मारतात ते काळं खरबरीत कोटिंग मार, कायमचा प्रश्न मिटेल. मारू का? (वाचक, चिपळूण)

ताई, भाऊ बरोबर सांगतोय, पण अर्धंच. ते कोटिंग म्हणजे दोन भागांचं पॉलियुरेथेन असतं, डब्यात हार्डनर मिसळायचा आणि जाड गनने उडवायचं. पिकअपच्या हौद्यात माल घासून पत्रा उघडा पडू नये म्हणून ते निघालं, त्यामुळे खडी आणि घासणं सोसणं हेच त्याचं काम. वर दाणेदार असल्याने बारीकसारीक ओरखडे दिसतही नाहीत, तुमच्या गडग्याच्या कोपऱ्याला तर ते फारच चांगलं.

आता उरलेलं अर्धं. कोटिंग कितीही दणकट असू दे, ते खालच्या प्लास्टिकला धरलंच नाही तर सगळं फुकट. बंपर काढून आतल्या बाजूला बघा, ठसा असतो, बहुतेक वेळा पीपी, ईपीडीएम, टी-२० असलं काहीतरी लिहिलेलं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम हे एक रबर, टी-२० म्हणजे त्यात २० टक्के टाल्क (शंखजिऱ्याची पूड). आणि पॉलिप्रॉपिलीनला थेट काहीही धड चिकटत नाही, ना रंग, ना लांबी (खाच भरायची पुटी), ना हे कोटिंग. मी नवीन होतो तेव्हा एका जीपच्या चारही चाकांवरची क्लॅडिंग (काळी प्लास्टिकची पट्टी) नुसती घासून, पुसून, थेट कोटिंग मारून दिली होती, दिसायला एक नंबर, मालक खूश होऊन गेला. तीन आठवड्यांनी सर्व्हिसिंगला धुताना प्रेशरचं पाणी कडेला लागलं आणि वीतभर साल उकडलेल्या बटाट्याचं निघावं तसं निघून आलं, खाली प्लास्टिक कोरं करकरीत. सगळं काढून पदरच्या पैशाने परत केलं. त्या दिवसापासून अ‍ॅढेजन प्रमोटर (प्लास्टिकला वरचा थर धरावा म्हणून आधी मारतात तो) मारल्याशिवाय मी उघड्या प्लास्टिकला गन लावलेली नाही.

तर क्रम असा. आधी शाम्पूने धुवा, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा, आणि हे घासायच्या आधी, कारण डॅशबोर्ड-टायर पॉलिशमधलं सिलिकॉन अंगावर असताना पेपर मारला की ते ओरखड्यांत आणखी आत जातं आणि मग रंगाला माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. पेट्रोलने पुसू नका, तेलकटपणा मागे राहतो. दोन फडकी ठेवा, एकाने ओलं करायचं आणि सुकायच्या आत दुसऱ्याने टिपायचं, एकच फडकं फिरवलं तर घाण नुसती इकडची तिकडे. रंग असलेल्या भागावर पाणी ओतून बघा, पसरून एकसारखं वाहिलं तर साफ, मोती होऊन बसलं तर अजून पॉलिश आहे. उघड्या प्लास्टिकवर ही परीक्षा चालत नाही, तिथे पाणी एरवीही मोती होतं.

मग १८० ते २४० नंबरचा पेपर, आणि खाचाखोचांत लाल स्कॉच-ब्राइट. चकाकी कुठेच राहता कामा नये, लायसन प्लेटच्या खोबणीत आणि चाकाच्या कमानीच्या आतल्या कडेला हमखास राहते आणि साल तिथूनच सुटते. गडग्याने खरवडलेल्या जागी प्लास्टिकचे बारीक केस उभे राहिलेले दिसतील, बोटाला लव लागावी तसे. मशीन लावलं तर गरम होऊन ते आणखी वाढतात, म्हणून तिथे हातानेच ओला पेपर मारा, घाई न करता. नख अडकेल एवढी खोल खाच असेल तर दाणेदार कोटिंगखाली ती लपेल असं समजू नका, सावलीत नाही दिसली तरी उन्हात दिसते. तिला बंपरसाठी मिळणारी लवचिक लांबी भरा, तीसुद्धा प्रमोटरवरच. पत्र्याची नेहमीची लांबी बंपर दबला की तडकते.

प्रमोटर पाण्यासारखा पातळ असतो, त्याचे दोन हलके हात पुरे, चमक यायला नको. त्यावर पेपर मारायचा नाही, हात लावायचा नाही, आणि डब्यावर जेवढा वेळ लिहिलाय त्याच्या आत कोटिंग चढलं पाहिजे. तुमच्या बंपरवर जिथे कंपनीचा रंग अजून घट्ट आहे तिथे तो नुसता खरवडून घ्या, प्रमोटर उघड्या प्लास्टिकपुरताच.

कोटिंगचे दोन हात, मध्ये साधारण तासाभराची विश्रांती. हवेचं प्रेशर कमी ठेवलं की दाणा मोठा येतो, वाढवलं की बारीक, म्हणून आधी पुठ्ठ्यावर मारून बघा आणि चारही कोपरे एकाच दिवशी एकाच सेटिंगवर करून घ्या. मास्किंग टेप कोटिंग ओलसर असतानाच ओढा, वाळल्यावर ओढली तर कड कुरतडल्यासारखी होते. आणि टेप गाडीला मुळातच असलेल्या रेघेवर लावायला सांगा, मनाने कुठेतरी मधेच कापलेलं काळं फार ओंगळ दिसतं. नंतर दोन-तीन दिवस जपून चालवा आणि आठवडाभर धुवू नका.

आणि ताई, तुम्ही कोकणातल्या, म्हणून हे खास तुमच्यासाठी. दारांखालची काळी पट्टी प्लास्टिकची, पण तिच्या मागे आणि खाली पत्र्याची सिल (दारांखालचा उंबरा) असते, दारांच्या खालच्या कडेलाही पत्राच. त्यात पाणी निघून जायला बोटाच्या पेराएवढी भोकं किंवा चिरा ठेवलेल्या असतात. कोटिंगवाल्या पोरांना ती दिसत नाहीत आणि सरसकट फवारतात. भोक बुजलं की पावसाचं पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून सडायला लागतो, बाहेरून कोटिंग मस्त दिसत असतं आणि तीन-चार पावसाळ्यांनी बोट दाबलं तर आत जातं. माझ्याकडे अशी एक सिल आली होती, पट्टी काढली तर गंजाचा भुसाच खाली पडला. काम चालू व्हायच्या आधी स्वतः खाली वाकून एकेक भोक बघा, त्यात टेपची गुंडाळी खोवायला लावा आणि झाल्यावर ती सगळी काढली का ते मोजून घ्या.

एवढं सगळं पटलं असेल तरी पावसाळ्यात करू नका. हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीही क्रिया करतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कोटिंगला बुडबुडे येतात. तुमच्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

बंपर नुसता इन्शुरन्समध्ये टाकून कंपनीचा रंग मारून घेतला तर स्वस्त नाही का पडणार? (वाचक, पिंपरी)

पाच वर्षं क्लेम नसेल तर बहुतेक नाही. हिशोबच करून बघू. समजा रंगकामाचं बिल ४,००० रुपये. त्यातले २५ टक्के, म्हणजे १,००० हे मटेरियल धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे ५०० कापले. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये कंपल्सरी एक्सेस तुमच्याच खिशातून. हातात राहिले २,५००. आणि पुढच्या वर्षी ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) गेला, ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम ८,००० असेल तर ४,००० चा फटका, आणि तो बोनस पुन्हा २० टक्क्यांपासून चढवत आणायचा. झिरो डेपने (घसारा न कापणारं जोड कव्हर) घसारा वाचतो, बोनस तसाही जातोच (बोनस प्रोटेक्शन वेगळं घेतलं असेल तर गोष्ट वेगळी). बंपर फुटून नवीनच टाकायचा असेल तर मात्र क्लेमचा विचार करा, साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टला निम्मे तरी मिळतात.

रंग नाही, ओरखडेही नाहीत, फक्त काळं प्लास्टिक राखाडी पडलंय. खोबरेल तेल लावतो, दोन दिवस छान दिसतं. हीट गनचे व्हिडिओ पाहिले, करू का? (वाचक, जळगाव)

खोबरेल बंद करा काका, जळगावच्या उन्हात त्यावर धूळ बसून थर होतो आणि पुढे कधी कोटिंग करायचं ठरवलं तर ते तेल काढता काढता जीव जातो. राखाडीपणा हा उन्हाने खराब झालेला वरचा पापुद्रा आहे. हीट गनने आतलं तेलकट द्रव्य वर येऊन काळेपणा येतो खरा, पण पापुद्रा खराबच राहतो आणि काही महिन्यांत पुन्हा राखाडी, दर वेळी उजळणं कमी कमी होतं, हात जरा जास्त वेळ थांबला तर प्लास्टिक वितळून चकाकतं ते कायमचं. तुमच्या गाडीला ओरखडे नाहीत तर दाणेदार कोटिंगची गरज नाही. चांगलं धुऊन, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून, ट्रिमसाठी मिळणारं सिरॅमिक कोटिंग स्पंजने लावा आणि सावलीत वाळू द्या.

नवीन एसयूव्ही घेतोय, आधीच हे कोटिंग मारून ठेवू का? आणि वर क्रॅश गार्ड? (वाचक, कराड)

नवीन गाडीला नको. एकदा मारलेलं दाणेदार कोटिंग पॉलिश होऊन निघत नाही, घासूनच काढावं लागतं, विकताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं की खाली काय लपवलंय. नवीन गाडीच्या बंपरच्या कोपऱ्यांना पीपीएफ लावा, ती पारदर्शक फिल्म हलके ओरखडे उन्हाच्या उबेने स्वतः भरून काढते आणि नको झाली की निघते. क्रॅश गार्ड तर लावूच नका. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून त्यावर कारवाई करायला सांगितलंय, आणि ते योग्यच आहे, समोर पायी माणूस आला तर तो लोखंडी दांडा त्याचा बळी घेतो.

पार्किंग सेन्सरवाल्यांनाही इथेच सांगतो (तीन पत्रं आहेत), सेन्सर काढून मगच कोटिंग, त्याच्या तोंडावर जाड थर बसला की तो खोटी शिटी मारत बसतो किंवा गप्प होतो. बंपरच्या मागे रडार असेल त्या गाडीला तर कोटिंगच नको.

माझा धाकटा भाऊ गॅरेजमध्ये स्प्रे पेंटिंग करतो, हल्ली ही कोटिंगची कामं खूप येतात. तोंडाला रुमाल बांधतो. चार महिन्यांपासून संध्याकाळी खोकला आणि छातीत घरघर, सुट्टीच्या दिवशी बरं असतं. धुळीने होत असेल का? (वाचक, नाशिक)

ताई, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर पोस्टाने पाठवलंय, तरी इथे सगळ्यांसाठी छापतोय. ही धूळ नाही. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याने पेंटरना दमा होतो. कामाच्या दिवशी त्रास आणि सुट्टीला आराम, ही त्याची ठळक खूण. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की नंतर अगदी थोडा वासही अटॅक आणू शकतो, म्हणून बघू पुढच्या महिन्यात असं करू नका. भावाला याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरकडे न्या, आणि नुसतं खोकला सांगू नका, हार्डनरच्या डब्याचा लेबलसकट फोटो दाखवा. डॉक्टर सांगेपर्यंत त्याने दोन भागांचा कुठलाही रंग मारायचा नाही, दुसरा कोणी मारत असताना शेडमध्ये थांबायचंही नाही.

रुमालाने वाफ अडत नाही, कोरोनाच्या वेळच्या मास्कनेही नाही. बंद जागेत बाहेरून नळीने स्वच्छ हवा येणारा मास्क लागतो, मोकळ्या जागेत किरकोळ कामाला निदान दोन कार्ट्रिजचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा (दाढी असेल तर तो बसत नाही), आणि कार्ट्रिज वेळच्या वेळी बदललेलं. हातमोजे आणि चष्मा हवाच, आयसोसायनेट त्वचेतूनही जातं. मालक खर्चाला नाही म्हणत असेल तर भावाला सांगा, माझं नाव सांगून मालकाला मला फोन करायला लाव, मी बोलतो त्याच्याशी.