‘जंतू वाढले आहेत’ असा अहवाल आल्यावर

घसा बरेच दिवस दुखत असल्याने तिशीतल्या एका गृहिणीच्या घशाचा स्वॅब तपासायला दिला होता. अहवालात ‘नॉर्मल थ्रोट फ्लोरा ग्रोन’ असे छापून आले. डॉक्टरांनी औषधाची गरज नसल्याचे सांगितले, पण बाईंच्या मनात ‘ग्रोन’, म्हणजे ‘वाढले’, हा एकच शब्द रुतून बसला. माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या तेव्हा त्या दिवसातून आठ वेळा जंतुनाशक औषधाच्या गुळण्या करीत होत्या, जिभेची आग होत होती आणि पाच वर्षांच्या मुलीचा पापा घेणे त्यांनी बंद केले होते. “माझ्या तोंडात जंतू आहेत, ते तिला जाणारच ना?” हा त्यांचा प्रश्न होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पहिल्याच भेटीत माझी चूक झाली. धीर देण्याच्या भरात मी सांगून टाकले, की 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू असतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षाही थोडे जास्तच, आणि त्या सगळ्यांचे वजन मात्र जेमतेम 200 ग्रॅम भरते. ऐकणाऱ्याला त्यातले 200 ग्रॅम नव्हे, 38 लाख कोटी लक्षात राहतात. त्यानंतर दोन रात्री त्यांना झोप आली नाही.

पुढच्या भेटीत मी आकडे बाजूला ठेवून अहवालाची दुसरी ओळ त्यांनाच मोठ्याने वाचायला लावली. रोगकारक जंतू आढळले नाहीत, असा तिचा अर्थ होता. ‘फ्लोरा’ म्हणजे तिथे नेहमी वस्तीला असणारे जीवाणू, असे सांगितल्यावर बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “हरभऱ्याच्या मुळावर असतात तसे?” वडिलांच्या शेतात हरभरा उपटून मुळावरची गाठ नखाने फोडायची आणि आतून गुलाबी निघाली की पीक चांगले आहे असे समजायचे, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. त्या गाठींत रायझोबियम जीवाणू राहतात आणि हवेतले नत्र पिकाला मिळवून देतात. मी इतकीच भर घातली, की जिभेवरचे काही जीवाणू पालेभाज्यांतल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात, त्याचा रक्तवाहिन्या सैल राहण्यास उपयोग होतो आणि जंतुनाशक गुळण्यांनी नेमके तेच कमी होतात. सगळेच जंतू निरुपद्रवी असतात असे मात्र मी म्हटले नाही, कारण आतड्यात निमूट राहणारा ई. कोलाय मूत्रमार्गात शिरला की संसर्ग होतोच.

माहितीने शंका सैल झाली, सवय मात्र सुटली नाही. ‘मला काही होणार नाही ना?’ असे नवऱ्याला विचारणे थांबवायचे, गुळणीची तीव्र इच्छा झाली की भीतीला 0 ते 10 मध्ये गुण देऊन वहीत लिहायचे आणि ती आपोआप उतरेपर्यंत काहीही न करता थांबायचे, असे ठरले. गुळण्या टप्प्याटप्प्याने कमी केल्या. अशा कृतींत रोज तासाहून अधिक वेळ जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे, असे मी नेहमी सुचवते. इथे तितकी वेळ आली नव्हती.

सहाव्या भेटीत त्यांनी वही दाखवली. मुलीने चिक्की चिमणीच्या दातांनी तोडून मागितली होती आणि त्यांनी ओढणीत धरून ती तोडून दिली होती. त्या नोंदीपुढे 7 लिहिले होते, रात्री झोपतानाच्या रकान्यात 2, आणि गुळण्यांचा रकाना रिकामा होता.