शेतघरासाठी सोलर: हिशेब जुलैचा करावा

महावितरणची लाईन न पोचलेल्या संगमेश्वरजवळच्या शेतघरासाठी किती पॅनेल लागतील, असे आपण पुण्यातल्या घराच्या बिलावरून विचारले आहे. आमच्या गुहागरकडच्या घराचे अंदाजपत्रक एका पुरवठादाराने अशाच बिलावरून केले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

त्याने महिन्याच्या युनिटांना तीसने भागले, 1 किलोवॅट पॅनेलमागे रोज 4 युनिट ही वर्षाची सरासरी धरली आणि कागद पुढे केला. एप्रिलात तेवढी वीज मिळाली. आषाढात झड लागली की 1 युनिटचीही मारामार. पहाटे इन्व्हर्टर शिटी वाजवत बंद पडे आणि फ्रीजमधले दूध नासे. तक्रार केली की कार्यालयातून ठरलेले उत्तर येई, "पावसाळ्यात एवढं चालायचंच." सतत अर्धवट भरलेल्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या प्लेटांवर सल्फेट साचून त्या मुदतीआधीच निकामी झाल्या, तेव्हा त्याच कार्यालयाने वॉरंटीच्या अर्जावर 'गैरवापर' असा शेरा मारला.

म्हणून रात्रीच्या वापरापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 1.8 युनिटची असते. पण लेड-ॲसिड टिकवायची तर त्यातले 0.9 युनिटच आपले समजावे. इन्व्हर्टर स्वतः 30 वॅट खात असेल, तर चोवीस तासांत 0.7 युनिट नुसते तो चालू ठेवण्यात जाते; तेवढ्यात 30 वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे बारा तास चालतात. अंदाजपत्रकात हा खर्च सहसा दाखवत नाहीत, तो विचारून घ्यावा. 1 एचपीची मोटर सुरू होताना चालू भाराच्या कित्येक पट करंट ओढते. इन्व्हर्टर त्या हिशेबाने घ्यावा आणि पाणी दुपारीच चढवावे.

जुलैसाठी पॅनेल दुप्पट करण्यापेक्षा लहान जनरेटर ठेवणे मला परवडले. आपला वापर वेगळा असू शकतो. शिवाय मी इलेक्ट्रिशियन नाही, तेव्हा अर्थिंग आणि वायरिंग परवानाधारकाकडूनच करून घ्यावे.

जाता जाता: 2024 साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला, जोडलेल्या छतावरील सोलरसाठी आहे. ग्रिडशिवायच्या घरासाठी कोणी ते वजा करून किंमत सांगत असेल, तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तसे लेखी मागावे.