जळगावात गच्चीवरच्या कुंडीत स्टर्नबर्गिया लुटिया (पिवळ्या फुलांचा एक कंद) जगेल का? दोन वेळा लावले, दोन्ही वेळा कंद पावसाळ्यात सडले.

जगेल, पण कुंडी बारा महिने उघड्यावर ठेवून नाही. तुमचे कंद उन्हानं नव्हे, पावसानं गेले. हा मूळचा भूमध्य समुद्राकाठचा; तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. हा कंद तो उन्हाळा झोपून काढतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळं फूल घेऊन उठतो. आपल्याकडे पाऊस नेमका त्याच्या झोपेत येतो. तेव्हा मुळं पाणी ओढत नाहीत, माती ओलीच राहते आणि कंदाचा तळ मऊ पडतो.

म्हणून पानं पिवळी पडली की (आपल्याकडे साधारण मार्चमध्ये) पाणी बंद. कुंडी जिन्याखाली किंवा पडवीत सरकवा, कोजागिरीपर्यंत थेंबही नको. झोपेत त्याला ऊब लागते, पण मे महिन्यात जळगावच्या स्लॅबवर कुंडी ठेवली तर कंद उकडून निघेल. सावलीतली ऊब पुरे.

काळी माती एकटी वापरू नका, ती पाणी धरून बसते. दोन भाग जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम, एक भाग माती, अर्धा भाग चांगलं कुजलेलं शेणखत. चुनखडीचे खडे आले तरी काढू नका, ते त्याला मानवतात. मातीची, तळाला भोक असलेली, फूटभर खोल कुंडी घ्या. कंद १२ ते १५ सेंमी खोल आणि ८ ते १० सेंमी अंतरावर लावा. वरवर लावला की कंद फुटून बारीक पिल्लं होतात, फुलं येत नाहीत.

रात्री गारवा जाणवू लागला की एकदा भरपूर पाणी द्या. नंतर वरची दोन इंच माती सुकल्यावरच. केळीला पाणी द्यायची सवय असलेला हात इथं आवरावा लागतो! हिवाळाभर पूर्ण ऊन हवं, कारण पुढच्या वर्षीचं फूल याच पानांच्या जोरावर बनतं. हिरवी पानं कापू नका. युरिया नको, डिसेंबरात चिमूटभर सल्फेट ऑफ पोटॅश चालेल. हलवलेला कंद वर्षभर रुसतो, तेव्हा चार-पाच वर्षं उकरू नका.

कंद विषारी आहे, कांद्या-लसणाच्या टोपलीजवळ ठेवू नका. आणि विकत घेताना पान बघा: गवतासारखं बारीक असेल तर ती पिवळी रेन लिली. खरं सांगायचं तर नुसतं पिवळं फूल हवं असेल, तर उघड्या गच्चीला तीच बरी. पाऊस तिला हवाच असतो.