नवीन वेब डिझायनरने रेट किती सांगावा आणि गिऱ्हाईकं कुठून आणावीत?

तू लिहिलंयस की घर खानापूरला, यंदा बीसीए झालं, वर्डप्रेस (वेबसाईट करायचं सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी येतंय, आणि मामांच्या ओळखीतले एक मंगल कार्यालयवाले "३ हजारात वेबसाईट करून दे" म्हणतायत, तर हो म्हणू का, नाहीतर किती सांगू, आणि याच्या पुढची गिऱ्हाईकं कुठून आणू. माझा धाकटा भाऊ पण तुझ्यापेक्षा मोठा आहे म्हणून तूच म्हणते, राग मानू नकोस. मी बेळगावच्या वडगावात राहते, नऊ वर्षं हेच काम करतेय, त्यातली पहिली दोन वर्षं जवळजवळ फुकट गेली, तुझी जाऊ नयेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

३ हजाराला लगेच हो म्हणू नकोस, आणि लगेच १५ हजार पण म्हणू नकोस. आधी काम काय आहे ते कागदावर घे, रेट त्याच्यानंतर.

हे मला बाबांनी शिकवलं. बाबांचं उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, जॉबवर्कचं छोटं शेड होतं, दोन लेथ आणि एक मिलिंग, फाउंड्रीतनं कास्टिंग यायचं आणि ते मशिनिंग करून परत द्यायचं. माझं पहिलं काम एका मिठाईवाल्यांचं, त्यांना कुंदा बाहेरगावी पाठवायचा होता म्हणून साईट पाहिजे होती. मी उभ्या उभ्या ५ हजार सांगून आले, पंधरा दिवसात देते म्हटलं. साडेतीन महिने गेले. आधी पाच पानं ठरली होती, मग फोटो तूच काढ, मग कन्नडमध्ये पण पाहिजे, मग दिवाळीच्या बॉक्सची वेगळी यादी, मग पुतण्या पुण्याहून सुट्टीला आला त्याला रंग आवडला नाही म्हणून सगळं परत. शेवटचे २ हजार आलेच नाहीत. एका रात्री जेवताना मला रडू आवरेना, तेव्हा बाबा रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "ड्रॉइंग न बघता रेट कसा काय सांगून आलीस गं?"

आमच्याकडे जॉबवर्कवाला असाच चालतो बघ. ड्रॉइंग आल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. माप काय, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, नग किती, माल तुमचा की आमचा, हे बघायचं, मग सेटिंगला किती वेळ जाईल, एका नगाला किती मिनिटं, आणि मशीनचा तासाचा रेट लावून कोटेशन द्यायचं. मध्येच पार्टीनं ड्रॉइंग बदललं तर रेट नवीन. त्यावरनं भांडण होत नाही कारण दोघांच्या हातात तोच कागद असतो. आपल्या वेबसाईटच्या धंद्यात नेमका तो कागदच नसतो, आणि नवीन पोरं भरडली जातात ती तिथंच. रेट कमी सांगितल्यामुळं जेवढं नुकसान होतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान काम किती ते न ठरल्यामुळं होतं, हे मी अगदी अनुभवानं सांगते.

तर साईटचं ड्रॉइंग म्हणजे काय, साधं एक पान लिही मराठीत. किती पानं आणि कुठली, किती भाषा, मजकूर कोण देणार, फोटो कोण काढणार, ऑनलाईन पैसे घ्यायचेत का, चौकशीचा फॉर्म पाहिजे की नुसतं व्हॉट्सअॅपचं बटण, बदल किती वेळा फुकट करून देणार (मी दोनदा देते), मजकूर हातात आल्यापासून किती दिवसात देणार. आणि खाली एक ओळ, याच्याबाहेरचं काम वेगळ्या पैशात. हे व्हॉट्सअॅपवर पाठवायचं आणि "ठीक आहे" असं उत्तर येईपर्यंत लॅपटॉप उघडायचा नाही.

आता तासाचा रेट. माझे आकडे घेऊ नकोस, तुझे घाल, मी नुसती रीत दाखवते. समज घरात द्यायला आणि स्वतःला मिळून महिन्याला २० हजार लागतात. लॅपटॉप ४८ हजाराचा, चार वर्षं चालेल, म्हणजे महिन्याला १ हजार. इंटरनेट आणि लाईट बिल १ हजार, पेट्रोल आणि फोन २ हजार, थीम-प्लगइनचं (वर्डप्रेसला लागणाऱ्या तयार जोडण्या) सरासरी १ हजार. झाले २५ हजार. महिन्याला २५ दिवस आणि दिवसाला आठ तास धरलेस तर २०० तास होतात, पण त्यातला निम्मा वेळ भेटायला जाण्यात, कोटेशन करण्यात, नवीन शिकण्यात आणि लोकांची वाट बघण्यात जातो, त्याचे पैसे कुणी देत नाही. म्हणजे विकायला १०० तासच. २५ हजार भागिले १०० म्हणजे तासाला २५०, आणि पावसात दोन-तीन महिने काम थंड पडतं त्याच्यासाठी वर ५० धर, म्हणजे ३००. पाच पानांच्या साध्या साईटला नवीन माणसाला सगळं धरून ४० तास लागतातच, म्हणजे १२ हजार. डोमेन (साईटचा पत्ता) आणि होस्टिंग (साईट ठेवायची जागा) यांचा खर्च वेगळा, जो होईल तो. आता तूच बघ, ३ हजारात केलास तर तासाला ७५ रुपये पडले.

पहिलं काम आहे, मामांची ओळख आहे, म्हणून कमी घ्यायचं असेल तर घे की, त्यात वाईट काही नाही. पण बिलावर १२ हजार लिही आणि खाली "पहिलं काम म्हणून सूट ५ हजार" असं लिहून ७ हजार घे. नाहीतर ते चार लोकांना सांगणार की खानापुरात एक पोरगा ७ हजारात साईट करतो, आणि तोच तुझा रेट होऊन बसणार.

भाषेचं जरा जास्त सांगते कारण पुण्या-मुंबईचे लोक जे सल्ले देतात त्यात हे नसतंच. आपल्याकडं साईट एका भाषेत भागत नाही. खानापूर, निपाणी, तिकडं चंदगड-गडहिंग्लजचं गिऱ्हाईक मराठी वाचतं, बैलहोंगल-गोकाकचं कन्नड, आणि गोव्याचे लोक किंवा कंपनीचा पर्चेसवाला इंग्रजी. "तेच कन्नडमध्ये पण टाक की" हे वाक्य तुला दर कामात ऐकायला मिळेल आणि ऐकायला ते पाच मिनिटांचं काम वाटतं. तसं नाही. बहुतेक वेळा मजकूर डीटीपीवाल्याकडनं येतो, मराठी श्रीलिपी आणि कन्नड नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप केलेला, जुन्या फॉन्टमधला असला तर तो साईटवर चिकटवला की नुसता कचरा दिसतो, आधी युनिकोडमध्ये (सगळीकडं सारखी दिसणारी अक्षरं) बदलावा लागतो, आणि बदलताना जोडाक्षरं हमखास बिघडतात म्हणून ओळ न् ओळ वाचावी लागते. कन्नडमध्ये ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, खाली लटकतं, इंग्रजीसाठी ठेवलेली ओळींची उंची तशीच ठेवलीस तर ते खालून कापलं जातं, मराठीत वेलांटी आणि रफार वरनं. बटणावरचा शब्द कन्नडमध्ये लांब होतो आणि मोबाईलवर दोन ओळींत जातो. मी कन्नड वाचते पण लिहिताना चुकते, म्हणून एका कन्नड शाळेतल्या बाईंकडनं तपासून घेते आणि त्यांना त्याचे पैसे देते. एका जादा भाषेला मी दहा तास धरते, तू पण कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाक. कुठल्याही एका भाषेत चुका असल्या की त्या भाषेच्या माणसाला वाटतं आपल्याला दुय्यम धरलंय, आणि आपल्या भागात ते फार लागतं लोकांना. त्यामुळं जी भाषा टाकशील ती नीट टाक, नाहीतर टाकू नको.

पैसे निम्मे आधी, पाव भाग डिझाईन पसंत झाल्यावर, राहिलेला पाव साईट चालू करायच्या आधी. चालू केल्यानंतर पैसे मागायला लागलास की उद्या, परवा, सोमवारी. कंपनीचं काम मिळालं तर तिथं क्रेडिट चालतं, म्हणजे पैसे बिलानंतर काही दिवसांनी येतात, त्यासाठी उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेव, ऑनलाईन फुकट होतंय, कुणा एजंटला पैसे देऊ नकोस. तुझ्यासारख्या लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यायचं बंधन कायद्यानं आहे, २००६ च्या एमएसएमई कायद्यात, आणि उद्यमबागेतल्या मालकांना हे समजावून सांगावं लागत नाही कारण ते स्वतः त्यांच्या पार्टीकडं तेच मागत असतात. जीएसटीची भीती पण घालतात नवीन पोरांना. सेवेच्या धंद्याला वर्षाला २० लाखांच्या आत असशील तर नंबर घ्यायची सक्ती नाही, कोल्हापूर किंवा गोव्याचं म्हणजे दुसऱ्या राज्यातलं काम केलंस तरी नाही. नंबर नसताना बिलात जीएसटी लावायचा मात्र नाही. कंपनीनं टीडीएस (बिलातनं आधीच कापलेला इन्कम टॅक्स) कापला तर घाबरू नको, तुझ्या पॅनवर जमा दिसतो आणि रिटर्न भरताना हिशोबात येतो.

डोमेन मालकाच्या नावानं, मालकाच्या ईमेलवर, हे कधी मोडू नको. माझ्याकडं निपाणीहून एक गिऱ्हाईक आलं होतं, आधीच्या डिझायनरनं डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेलं आणि फोन उचलणं बंद केलेलं. दहा वर्षांचा पत्ता गेला, कार्डांवर, गाडीवर, बिलबुकावर छापलेला. गिऱ्हाईकाला बांधून ठेवायला काहीजण मुद्दाम असं करतात आणि मला ते चोरीच वाटते. बांधून ठेवायचंच तर वर्षाची एएमसी (देखभालीचा करार) दे, बॅकअप, अपडेट, महिन्याला एखादा छोटा बदल, वर्षाला ३-४ हजार. अशी दहा गिऱ्हाईकं झाली की पावसाळा सुखाचा जातो.

आता गिऱ्हाईकं. मी सुरुवातीला गणपत गल्ली, खडे बाजार पालथा घातला, दुकानात जाऊन विचारायचं वेबसाईट पाहिजे का. कुणाला नको होती, आणि त्यांचं बरोबरच होतं. साडीच्या नाहीतर भांड्याच्या दुकानाला गुगल मॅपवर नाव, फोटो, वेळ नीट असली की भागतं. अशा माणसाला साईट गळ्यात मारू नको, मॅपवरचं प्रोफाईल नीट करून दे, हजार-दीड हजार घे, तो दुसऱ्या शाखेच्या वेळी तुलाच बोलावेल. साईट खरोखर लागते कुणाला, तर ज्याचं गिऱ्हाईक लांब आहे आणि यायच्या आधी खात्री करून घेतं त्याला. उद्यमबाग आणि मच्छेतल्या फाउंड्र्या, मशीन शॉप, त्यांचा पर्चेसवाला पुण्यात किंवा बेंगळुरात बसून मशीनची यादी, क्षमता आणि आयएसओ सर्टिफिकेट बघतो. जांबोटी-चोर्ला रस्त्याचे होमस्टे, ते तर तुझ्या दारातच आहेत. मंगल कार्यालयं, दाताचे दवाखाने, क्रेडिट सोसायट्या, आमच्या वडगाव-शहापुरातले मागावरची साडी थेट विकू बघणारे लोक.

आणि त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता म्हणजे ज्यांच्याकडं नवीन धंदेवाला आधी जातो ती माणसं. छापखाना, बोर्ड करणारा, सीए, लग्नाचे फोटो काढणारा. माझी तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सगळी कामं एकाच छापखान्यातनं आली, कारण व्हिजिटिंग कार्ड छापायला आलेल्याला ते काका विचारायचे, "वेबसाईट काय घालू?" आणि नसली की माझा नंबर. मी त्यांना कमिशन देऊ केलं तर घेतलं नाही, तेव्हापासून छपाईचं जे काम माझ्याकडं येतं ते मी त्यांच्याकडं पाठवते. खानापुरात असे दोन-तीन तरी असतील, चहाला जा, काम मागू नको, तू काय करतोस ते फोनवर दाखव. साईट दिल्यावर महिन्याभरानं मालकाला फोन कर, चालतंय का विचार, आणि मग सरळ म्हण, तुमच्या ओळखीत कुणाला पाहिजे असली तर सांगा.

फायव्हर वगैरे ऑनलाईन कामं मिळायच्या साईट वाईट नाहीत, पण तिथं तुझ्या कमाईतले २० टक्के जातात आणि पहिले काही महिने काहीच येत नाही, त्यामुळं त्याच्या भरवशावर बसू नको. त्यापेक्षा पुणे-बेंगळुरूच्या छोट्या एजन्सीचं जॉबवर्क घे, रेट कमी असतो, नाव त्यांचं लागतं, पण काम सारखं येतं आणि दुसऱ्याचं ड्रॉइंग वाचायची सवय लागते.

मंगल कार्यालयवाल्यांना उद्याच जाऊन भेट, मामांना बरोबर नेऊ नको, मामा असले की पैशाचं बोलणं होत नाही. हॉलमध्ये किती माणसं जेवायला बसतात, खोल्या किती, पार्किंग कुठं, जेवण तुमचं की बाहेरचं, मोकळ्या तारखा साईटवर दाखवायच्यात का, आणि दाखवायच्या असल्या तर त्या रोज कोण भरणार, हे विचारून वहीत लिही. तारखांचं उत्तर नीट ऐक, त्या एका गोष्टीनं काम ४० तासांवरनं ६० वर जातं. ते "आत्ताच सांग की किती" म्हणतील. "दोन दिवसात लिहून पाठवतो" म्हण आणि नमस्कार करून बाहेर पड.