'शार्प' लेन्स: तीक्ष्ण, रेखीव की सुस्पष्ट?

प्रश्न असा आहे: वापरलेली लेन्स विकणारा 'लेन्स एकदम शार्प आहे' असे सांगतो, तेव्हा त्या 'शार्प'ला मराठीत तीक्ष्ण, धारदार, रेखीव आणि सुस्पष्ट यांपैकी काय म्हणावे, आणि 'विकत घेण्यापूर्वी लेन्सचा शार्पनेस तपासून घ्यावा' हे वाक्य मराठीत कसे लिहावे?

बोलताना 'शार्प' हाच शब्द ठेवावा. तो रुळलेला आहे आणि त्याला हुसकावून लावण्याचे कारण नाही. लिहिताना एकच प्रतिशब्द हवा असेल तर 'सुस्पष्ट' घ्यावा. मात्र तपासणीबद्दल लिहायचे असेल, तर या चारांपैकी कोणताही शब्द एकटा पुरत नाही. ते का, हे सांगण्याआधी प्रत्येक शब्द कुठे बसतो ते पाहू.

'तीक्ष्ण' हा शब्द शस्त्राला, बुद्धीला, नजरेला आणि चवीला लागतो. या सगळ्यांत टोचण्याचा किंवा आत शिरण्याचा गुण आहे, आणि प्रतिमेत तो नाही. म्हणून 'तीक्ष्ण फोटो' कानाला खटकतो. लेन्सला कॅमेऱ्याचा डोळा मानले तर मात्र हा शब्द तिला शोभू शकतो. झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी १९०२ साली रचलेल्या टेसर या लेन्सची जाहिरात 'कॅमेऱ्याचा गरुडनेत्र' अशा अर्थाच्या शब्दांनी होत असे, आणि आपल्याकडेही घारीची नजर तीक्ष्णच असते. तेव्हा 'तीक्ष्ण नजरेची लेन्स' हे मराठी आहे, 'तीक्ष्ण छायाचित्र' हे नाही.

'धारदार' तर त्याहून दूरचा आहे. तरीही एका वेगळ्याच गोष्टीसाठी तो मला योग्य वाटतो. कॅमेरा किंवा संगणक जेव्हा फोटोला कृत्रिमरीत्या शार्प करतो, तेव्हा तो नवा तपशील निर्माण करत नाही. कडेच्या एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला गडद करून फक्त कडा उठून दिसतील असे करतो. अशा फोटोला धारदार म्हणावे. विक्रेत्याने पाठवलेल्या नमुन्यात ही धार बऱ्याचदा असते आणि ती लेन्सची नसते. म्हणून तपासणीसाठी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, मागावी आणि ती शार्पनिंग बंद ठेवून उघडावी.

'रेखीव' हा शब्द पहिल्या दृष्टीला फार जवळचा वाटतो. कोरीव, घोटीव, आखीव यांच्याच घडणीचा हा शब्द, रेषा नीट उमटल्याचा अर्थ त्यात आहेच. पण मराठीत रेखीव असतो तो चेहरा, अक्षर किंवा मूर्ती, म्हणजे समोरची वस्तू. 'रेखीव फोटो' म्हटले की वाचकाला मांडणी आणि सौंदर्य आठवते, लेन्सची क्षमता आठवत नाही. राहिला 'सुस्पष्ट'. 'स्पष्ट' हा शब्द पाहणे या अर्थाच्या 'स्पश्' या संस्कृत धातूपासून आलेला आहे, त्यामुळे दृश्याला तो मुळातच लागू पडतो. त्याची अडचण त्याच्या व्यापकतेत आहे, कारण फोटो अस्पष्ट येण्याची निम्मी कारणे लेन्सच्या बाहेरची असतात.

इथे मराठीचे एक बलस्थान लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते. शार्प असण्याला आपल्याकडे एकच नेमका शब्द नाही, पण शार्प नसण्याला कितीतरी आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. फोटो 'हललेला' असतो, त्याचा 'फोकस चुकलेला' असतो, तो 'पुसट' असतो किंवा 'धूसर' असतो. कॅमेरा वापरणारे हे शब्द रोज उच्चारतात. लेन्स तपासणे म्हणजे या चार तक्रारी एकेक करून वेगळ्या काढणे.

हललेल्या फोटोत प्रत्येक बिंदू एकाच दिशेला ओढला गेलेला दिसतो. तो दोष हाताचा किंवा मंद शटरचा आहे. म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवावा, कंपनरोधक यंत्रणा बंद करावी, आणि बटण दाबल्याचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. चुकलेल्या फोकसची ओळख अशी की हवी ती जागा अस्पष्ट असली तरी तिच्या पुढे किंवा मागे काहीतरी सुस्पष्ट सापडते. तिरक्या ठेवलेल्या पट्टीचा फोटो घेतला की हे लगेच कळते. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात फोकस शोधणारा संवेदक वेगळा असल्याने हा फरक जुळणीचा असू शकतो आणि अनेक कॅमेऱ्यांत तो दुरुस्त करता येतो. म्हणून पडद्यावरचे दृश्य मोठे करून हाताने फोकस साधावा आणि मगच लेन्सबद्दल मत बनवावे.

पुसट आणि धूसर यांतला भेद सर्वांत मोलाचा आहे, आणि 'शार्प नाही' या दोन शब्दांत तो पूर्णपणे बुडून जातो. पुसट म्हणजे बारीक तपशील एकमेकांत मिसळलेले, अक्षरावरून ओले बोट फिरावे तसे. धूसर म्हणजे तपशील असतात, पण त्यांच्यावर पांढुरका पडदा असतो आणि काळ्या भागाला खोली नसते. ज्याला आपण 'फोटोला उठाव नाही' म्हणतो ते हेच. शास्त्रीय परिभाषेत पहिला प्रश्न विभेदनाचा (बारीक तपशील वेगवेगळे दाखवण्याच्या क्षमतेचा) आणि दुसरा मुख्यतः उठावाचा. धूसरपणा दिसला तर लेन्सच्या एका टोकाकडून टॉर्चचा प्रकाश टाकून दुसऱ्या टोकातून तिरके पाहावे; आतल्या काचांवर धुक्यासारखा थर किंवा बुरशीचे तंतू दिसले तर कारण सापडले. मात्र मोठ्या ॲपर्चरच्या (ॲपर्चर म्हणजे प्रकाश आत घेणारे, लहानमोठे करता येणारे छिद्र) बऱ्याच जुन्या लेन्स ॲपर्चर पूर्ण उघडे असताना थोड्या धूसर असतातच. तो गोलीय विपथनाचा, म्हणजे भिंगाच्या कडेचे आणि मध्याचे किरण एकाच बिंदूत न मिळण्याचा परिणाम आहे, ॲपर्चर एक-दोन स्टॉप (टप्पे) बंद केले की तो बराच ओसरतो, आणि त्याला बिघाड म्हणू नये.

पुसटपणाबाबत 'किती' या प्रश्नाआधी 'कुठे' हा प्रश्न विचारावा. विटांच्या सपाट भिंतीसमोर किंवा भिंतीवर ताणून चिकटवलेल्या छापील कागदांसमोर कॅमेरा अगदी समांतर ठेवून, एकदा पूर्ण उघड्या ॲपर्चरला आणि एकदा एफ ८ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) फोटो घ्यावा आणि चारही कोपरे शंभर टक्के आकारात पाहावेत. चारही कोपरे सारखेच पुसट असतील तर तो लेन्सच्या रचनेचा स्वभाव असतो. फोकस कोपऱ्यावर नेल्यावर कोपरा सुधारला आणि मध्य बिघडला, तर लेन्सचे फोकसचे प्रतल वक्र आहे इतकेच. पण एकच कोपरा किंवा एकच बाजू पुसट असेल, कॅमेरा उलटा करून फोटो घेतल्यावरही ती चौकटीच्या त्याच बाजूला राहत असेल, तर आतले एखादे भिंग अक्षापासून सरकलेले किंवा कललेले आहे. अशी लेन्स घेऊ नये. झूम लेन्स असेल तर दोन्ही टोकांना आणि मध्ये असे तिन्ही ठिकाणी पाहावे, कारण सरकलेले भिंग सगळीकडे सारखाच त्रास देत नाही. जवळच्या कागदावर समाधान न मानता दूरच्या इमारतीचाही एक फोटो घ्यावा. (वरच्या वाक्यांत मी 'भिंग' आणि 'लेन्स' जाणूनबुजून वेगळे वापरले आहेत: नळीतली प्रत्येक काच हे भिंग आणि ती सगळी मिळून लेन्स. टेसरमध्ये अशी चार भिंगे आहेत. हा भेद मराठीत आयताच मिळतो, तो जपावा.)

नमुना कोणत्या ॲपर्चरचा आहे हेही विचारावेच लागते. प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना तो पसरत असल्याने, बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी तबकडी होते, आणि हिरव्या प्रकाशासाठी एफ ८ ला तिचा व्यास सुमारे ११ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर एफ १६ ला सुमारे २१ मायक्रॉन असतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक असलेल्या) कॅमेऱ्यात एक पिक्सेल जेमतेम ६ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एफ १६ ला उत्तम आणि सामान्य लेन्समधला फरक विवर्तनच बराचसा झाकून टाकते, आणि त्या फोटोवरून केलेला 'शार्प' हा दावा काहीच सांगत नाही.

म्हणून मूळ वाक्य मी असे लिहीन: 'लेन्स विकत घेण्यापूर्वी ती पूर्ण उघड्या ॲपर्चरला आणि एफ ८ ला मध्यभागी व चारही कोपऱ्यांत किती सुस्पष्ट आहे, आणि तिच्या प्रतिमेला उठाव आहे का, ते तपासून घ्यावे.' वाक्य लांबले हे खरे, पण 'शार्पनेस तपासावा' यातून वाचकाला काय करायचे ते कळत नाही आणि यातून कळते. विक्रेत्यालाही 'लेन्स शार्प आहे का' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर 'हो' असेच येते. 'पूर्ण उघड्या ॲपर्चरला चारही कोपरे सारखे आहेत का' असे विचारावे.

आणखी एक शब्द विक्रीच्या वर्णनांत 'शार्प'च्या जोडीने येतो, तो म्हणजे 'स्वच्छ' किंवा 'क्लीन'. त्याचा सुस्पष्टतेशी संबंध जोडू नये. आत धुळीचे चार कण असलेली लेन्स चारही कोपऱ्यांत उत्तम निघू शकते, आणि काच अगदी लख्ख असूनही भिंग सरकलेली लेन्स एका बाजूला पुसटच राहते.