वळचणीचा बर्फ आणि ३० दिवसांची मुदत

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. वय ६१, जिल्हा परिषदेची नोकरी, महिन्याला ३८ हजार पेन्शन, चार एकर कोरडवाहू शेत आणि बँकेत २२ लाखांच्या एफडी. मुलगा अमेरिकेत, मिनियापोलिसजवळ. गेल्या वर्षी त्यानं तिथे जुनं घर घेतलं. पहिल्याच हिवाळ्यात छताच्या कडेला बर्फाचा बांध तयार झाला, पन्हळ वाकली आणि पाणी झोपायच्या खोलीच्या भिंतीतून खाली उतरलं. यंदा ठेकेदारानं कडेला विजेच्या तापणाऱ्या तारा, नवी पन्हळ आणि तिच्यावर जाळी असा साडेपाच हजार डॉलरचा खर्च सांगितला आहे. गुरुजी लिहितात, "वादळात आमच्या घराचे टिनपत्रे उडाले तेव्हा पोरानं न मागता पैसे पाठवले. आता आमची पाळी. एफडी मोडून पाच लाख पाठवू का?"

पत्राच्या तळाशी आणखी दोन ओळी आहेत. "बाकी काळजी नाही. एक एफडी संपली तेव्हा बँकेतल्या साहेबांनी गॅरंटीड इन्कमची पॉलिसी काढून दिली, वर्षाला १३ टक्के. पहिला हप्ता तीन लाख भरला, कागद तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आले."

गुरुजी, बर्फाचं नंतर बघू. या दोन ओळींना मुदत आहे, म्हणून पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. तेच इथे सविस्तर लिहितो, कारण एफडी करायला बँकेत जाऊन पॉलिसी घेऊन घरी परतणारे तुम्ही एकटे नाही.

आयुर्विम्याच्या नव्या पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. अटी मान्य नाहीत, एवढं लिहिलं तरी पुरतं. तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी रक्कम परत येते. तीन लाखांतले फार तर काही हजार जातील. मात्र अर्ज विमा कंपनीकडे करा, बँकेतल्या साहेबांकडे नको. ते "पुढच्या आठवड्यात या" म्हणतील आणि मुदत टळेल. कंपनीच्या शाखेत मूळ पॉलिसी, अर्ज आणि रद्द केलेला चेक द्या, पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्या आणि तोच अर्ज कंपनीला ईमेलनंही पाठवा. पॉलिसी आधी ईमेलवर आली असेल तर कंपनी ३० दिवस तेव्हापासून मोजू शकते, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. टोलवाटोलवी झाली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा. तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहेत.

आता ते १३ टक्के पाहू. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या फोटोवरून ही योजना अशी आहे: आठ वर्षं दरवर्षी तीन लाख भरायचे, मग थांबायचं आणि अकराव्या वर्षाच्या शेवटापासून १५ वर्षं दरवर्षी ३ लाख २० हजार घ्यायचे. भरले २४ लाख, मिळाले ४८ लाख. साहेबांनी ३ लाख २० हजारांना २४ लाखांनी भागलं आणि १३ टक्के सांगितले. तुमचे पैसे किती वर्षं अडकले ते त्यांनी मोजलंच नाही. नीट मोजलं तर हा परतावा वर्षाला जेमतेम ५ टक्के पडतो. गणित शिकवलेल्या माणसाच्या गळ्यात असं गणित घालतात, याची मला चीड येते.

शिवाय पहिलं उत्पन्न हातात पडेल तेव्हा तुम्ही ७२ वर्षांचे असाल आणि शेवटचं ८६ व्या वर्षी. आणि मधले हप्ते कशातून भरणार? २२ लाखांतले पाच लाख अमेरिकेला गेले की १७ लाख उरतात, आणि हप्ते बाकी आहेत सात, म्हणजे २१ लाख. एफडीचं ७ टक्के व्याज धरलं आणि त्यातला एक रुपयाही घरात वापरला नाही, तर सातवा हप्ता कसाबसा भरला जाईल. त्यानंतर हाती सव्वा लाखाच्या थोडे वर राहतील, तेही व्याजावरचा कर न धरता. वय ६८. पुढची चार वर्षं पेन्शन सोडली तर काहीच नाही. एखादं वर्ष सोयाबीनला भाव नाही मिळाला आणि हप्ता चुकला, तर पॉलिसी अर्ध्यात सोडण्याचं नुकसान वेगळं.

परत आलेले तीन आणि एफडीचे २२ असे तुमच्याकडे २५ लाख होतात. त्यातले २० लाख तालुक्याच्या पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्याचा दर ८.२ टक्के, मुदत पाच वर्षं, आणि खातं उघडताना असलेला दर पाचही वर्षं तोच राहतो. वर्षाला १ लाख ६४ हजार म्हणजे दर तिमाहीला ४१ हजार व्याज. तेही आजपासून, ७२ व्या वर्षापासून नव्हे, आणि मुद्दल तुमचंच. एफडी मुदतीआधी मोडताना दंड किती पडतो ते विचारा. जिची मुदत दोन-चार महिन्यांत संपते ती पूर्ण होऊ द्या. उरलेले पाच लाख बँकेतच असू द्या, कधीही काढता येतील असे.

आता बर्फ. आपल्याकडे आढ्याचं पाणी वळचणीला येतं आणि अंगणात पडतं, गोष्ट तिथेच संपते. तिथे घर आतून तापवलेलं असतं. ती ऊब छतातल्या फटींतून माळ्यावर चढते आणि छपरावरचा बर्फ खालून वितळतो. ते पाणी कडेला येतं. कडेखाली उबदार घर नसल्यामुळे तिथे पुन्हा गोठतं आणि बांध होतो. मागून येणारं पाणी त्या बांधामागे तुंबतं आणि छपराच्या पट्ट्यांखालून घरात शिरतं. म्हणजे बांध दिसतो वळचणीला, पण त्याचं कारण माळ्यावर आहे. बांध पन्हळीमुळे होत नाही, म्हणून नवी पन्हळ आणि जाळी यांनी तो थांबणारही नाही.

तापणाऱ्या तारा बर्फातून पाण्याला वाट करून देतात, एवढंच. शंभर फूट तारेला सहाशे-सातशे वॅट लागतात. रात्रंदिवस चालू ठेवली तर रोज १५ युनिट, तिथल्या दरानं दोन-सव्वादोन डॉलर. शंभर दिवसांच्या हिवाळ्यात दोनशेच्या वर डॉलर, दरवर्षी. आणि घरातली ऊब माळ्यावरून जायची ती जातच राहणार, तिचं बिल वेगळं.

अकोल्याचं कृषी विद्यापीठ जसं कपाशीबद्दल सांगतं, तसं मिनेसोटा विद्यापीठाचा विस्तार विभाग तिथल्या लोकांना या बर्फाबद्दल सांगतो. तातडीचा उपाय म्हणजे छपरावरचा बर्फ ओढून काढणं. त्यासाठी लांब दांड्याचं फावडं मिळतं, पन्नास ते शंभर डॉलरला. जमिनीवर उभं राहून कडेचा तीन-चार फुटांचा पट्टा मोकळा करायचा, छपरावर चढायचं नाही आणि कुऱ्हाडीनं बर्फ फोडायचा नाही, पट्ट्या फुटतात. कायमचा उपाय म्हणजे माळ्याच्या तळातल्या फटी बुजवणं (दिव्यांची भोकं, पाइपांभोवतीच्या जागा, माळ्यावर जायचं झाकण) आणि त्यावर उष्णतारोधक थर जाड करणं. त्याआधी घराची ऊर्जा तपासणी करून घ्यावी. दारात पंखा लावून हवा कुठून गळते ते शोधतात. तिथल्या बऱ्याच वीज आणि गॅस कंपन्या ही तपासणी सवलतीत करून देतात. ठेकेदाराच्या कागदावर सही करण्याआधी मुलानं ही तपासणी करावी.

भिंतीचं जे नुकसान झालं त्यासाठी त्यानं घराच्या विम्याची अट वाचावी. अचानक आत आलेल्या पाण्याचं नुकसान तिथल्या विम्यात बहुतेक वेळा बसतं, माळा सुधारण्याचा खर्च बसत नाही.

पाच लाख पाठवायला कायद्याची अडचण नाही. वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएसही (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापत नाहीत. तरीही पाठवू नका. मुलानं मागितलेले नाहीत, सूनबाईंनी व्हिडिओ कॉलवर भिंत दाखवली एवढंच. त्याची कमाई डॉलरमध्ये आहे आणि खर्चही. टिनपत्र्यांसाठी त्यानं पाठवलेल्या पैशांची परतफेड करायची तुमची इच्छा मला कळते. तुम्ही दवाखान्यासाठी त्याच्यावर विसंबून राहिला नाहीत, तर ती परतफेड याहून मोठी होईल. कारण तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे: "मेडिक्लेम नाही, लागलं तर मुलगा आहेच." तुम्हाला बायपास लागला तर रात्रीतून सावंगीला किंवा नागपूरला कोण नेणार, आणि भरतीचे पैसे कोण भरणार? मिनियापोलिसहून माणूस पोचेपर्यंत दोन दिवस जातात.

आयुष्मान आणि महात्मा फुले योजनेची कार्डं काढून ठेवा. शिवाय दोघांचा मिळून दहा लाखांचा आरोग्य विमा घ्या. तुमच्या वयाला वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास हप्ता धरा, पोस्टाच्या एका तिमाहीच्या व्याजाहून थोडा जास्त. काकूंची बीपीची गोळी सुरू आहे, ती फॉर्मवर लिहा. लिहिली तर त्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागेल. लपवली तर दावाच नाकारला जाऊ शकतो. एजंट "लिहू नका, हप्ता वाढेल" म्हणाला, तर फॉर्म त्याच्याकडून परत घ्या आणि स्वतःच्या हातानं भरा.